पैसे उरलेल्या वर्षांचे

जुना लॅपटॉप घ्यायला निघालेला माणूस बहुधा पहिला प्रश्न हाच विचारतो, की हा नवा केवढ्याला होता. विक्रेता त्याच प्रश्नाची वाट पाहत असतो. ‘पंच्याहत्तर हजारांची वस्तू आहे, तुम्हाला वीसला देतो,’ हे वाक्य कानावर पडले की पंचावन्न हजार वाचल्याचा आनंद आधी होतो आणि यंत्राकडे नजर नंतर जाते. माझे म्हणणे असे आहे की जुन्या लॅपटॉपचा भाव ठरवताना हा मूळ किमतीचा आकडा हिशेबातून पूर्णपणे काढून टाकावा. ते पैसे दुसऱ्या कोणीतरी दिले, त्यांच्या बदल्यात त्याने चार-पाच वर्षे काम करून घेतले, आणि तो व्यवहार संपला. आपण पैसे द्यायचे ते त्या यंत्रात कामाची जी वर्षे अजून शिल्लक आहेत, फक्त त्यांचे. ती वर्षे किती, एका वर्षाचे मोल काय आणि ती पदरात पडण्याआधी खर्च व धोका किती, एवढे कळले की भावाचा आकडा पुष्कळसा आपोआप निघतो. अडचण गणिताची नाहीच. अडचण ही की एकदा ऐकलेला मोठा आकडा मनातून जात नाही, आणि पुढची सगळी घासाघीस त्या आकड्याच्या सावलीत होते. पंच्याहत्तरवरून वीस म्हणजे स्वस्त, असे आपण धरून चालतो. पण त्याच यंत्राचे खरे मोल बारा हजार असेल, तर वीस हजारांत आठ हजारांचे नुकसान झालेले असते.

कोराडीसारख्या गावात तरी हा हिशेब परका वाटू नये. नागपूरच्या उत्तरेला असलेल्या या गावाची ओळख दोन गोष्टींनी आहे, जगदंबेचे मंदिर आणि औष्णिक वीज केंद्र. या केंद्राचे पहिले चार संच १९७० च्या दशकातले, प्रत्येकी सुमारे १२० मेगावॅटचे. पुढे २०० आणि २१० मेगावॅटचे संच आले, आणि आज केंद्राचा मुख्य भार प्रत्येकी ६६० मेगावॅटच्या तीन नव्या संचांवर आहे. पहिले चारही संच कायमचे बंद झाले. सहाव्या, म्हणजे २१० मेगावॅटच्या संचाचे मात्र जागतिक बँकेच्या अर्थसाहाय्याने नूतनीकरण करण्यात आले. एक जुना संच मोडीत आणि दुसऱ्या जुन्या संचावर नव्याने खर्च, हे कशावरून ठरते? संच उभारताना किती कोटी लागले होते यावरून नक्कीच नाही. नूतनीकरणाचा कोणताही प्रस्ताव पुढे बघतो. संच अजून किती वर्षे चालेल, त्याला चालता ठेवायला काय लागेल, आणि तेवढ्याच विजेसाठी नवा संच उभारला तर काय पडेल. गावातल्या कितीतरी घरांतली माणसे हे शब्द रोजच्या नोकरीत ऐकतात. घरातल्या मुलासाठी किंवा मुलीसाठी जुना लॅपटॉप घेताना हाच विचार लावायचा आहे.

एका ठिकाणी मात्र वीज केंद्राचा न्याय लॅपटॉपला लागू पडत नाही, आणि तो फरक महत्त्वाचा आहे. संच जुना झाला की एका युनिटमागे कोळसा जास्त जळतो आणि हा इंधनाचा खर्च इतका मोठा असतो की निव्वळ त्यापायी चालता संच बंद करणे परवडते. ‘जुने यंत्र वीज जास्त खाते, म्हणून नवेच घ्या,’ असा सल्ला लॅपटॉपच्या बाबतीतही दिला जातो. तो तपासून पाहू. साधा लॅपटॉप कामात असताना ३० वॅटच्या आसपास वीज घेतो असे धरले आणि तो रोज पाच तास चालला, तर दिवसाला ०.१५ युनिट, वर्षाला सुमारे ५५ युनिट होतात. दहा रुपये युनिट धरले तरी वर्षाचे ५५० रुपये. नव्या लॅपटॉपने यातली निम्मी वीज वाचवली, तरी बचत महिन्याला पंचवीस रुपयांच्या आत राहते. तेव्हा विजेच्या बिलाचा मुद्दा सोडून द्यावा. पर्यावरणाच्या अंगाने पाहिले तर गोष्ट उलटीच आहे. लॅपटॉपच्या एकूण आयुष्यात जे कार्बन उत्सर्जन होते त्याचा मोठा वाटा तो बनतानाच होऊन गेलेला असतो, त्यामुळे बनलेले यंत्र आणखी तीन वर्षे वापरणे हे नवे घेण्यापेक्षा बरे.

आता चांगले यंत्र जुन्या बाजारात येतेच कशाला, ही शंका रास्त आहे. उत्तर कंपन्यांच्या हिशेबाच्या वहीत सापडते. कंपनी कायदा २०१३ च्या दुसऱ्या परिशिष्टात डेस्कटॉप, लॅपटॉप यांसारख्या उपकरणांचे उपयुक्त आयुष्य तीन वर्षे धरले आहे. आयकराच्या नियमांत संगणकावर दरवर्षी उरलेल्या किमतीच्या ४० टक्के घसारा मिळतो. ७५ हजारांचा लॅपटॉप या दराने पहिल्या वर्षाअखेर ४५ हजारांवर येतो, मग २७ हजार, मग १६,२०० आणि चौथ्या वर्षाअखेर ९,७२० वर. त्यातच अनेक कंपन्या व्यावसायिक श्रेणीच्या यंत्रांवर तीन वर्षांची वॉरंटी घेतात आणि ती संपली की पूर्ण ताफा एकदम बदलतात. लेनोव्होचे थिंकपॅड, डेलचे लॅटिट्यूड, एचपीचे एलिटबुक ही यंत्रे जुन्या बाजारात एवढ्या संख्येने दिसतात ती त्यामुळे. त्यांत बिघाड झालेला असतो असे नाही, वहीतली त्यांची मुदत संपलेली असते. जुन्या लॅपटॉपच्या खरेदीत फायदा होण्याची खरी जागा हीच, की वहीतले आयुष्य संपले असून कामाचे आयुष्य शिल्लक आहे. मात्र ते किती शिल्लक आहे हे ना ती वही सांगते ना वरचे चकचकीत कव्हर. यंत्र उघडून, चालवून, त्याच्या आतली माहिती वाचूनच ते कळते.

उरलेली वर्षे दोन घड्याळांवर चालतात, एक सॉफ्टवेअरचे आणि एक शरीराचे. दोहोंपैकी जे आधी थांबेल तिथे यंत्राचे आयुष्य संपले असे धरायचे. सॉफ्टवेअरचे घड्याळ कठोर असते, कारण ते दुसऱ्याच्या हातात असते. विंडोज १० चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि घरगुती ग्राहकांसाठीची वाढीव सुरक्षा मुदत ऑक्टोबर २०२६ पर्यंतचीच ठेवली गेली. विंडोज ११ साठी मायक्रोसॉफ्टने जी अट घातली ती, थोडे अपवाद सोडले तर, इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढच्या प्रोसेसरची आहे आणि एएमडीच्या बाबतीत रायझन २००० मालिकेपासूनची. टीपीएम २.० ही सुरक्षेची सोयही लागते. म्हणजे २०१७ च्या उत्तरार्धात आलेली आठवी पिढी ही जुन्या बाजारातली मोठी सीमारेषा झाली आहे. रेषेच्या अलीकडचे आणि पलीकडचे यंत्र दिसायला सारखे आणि भावाला फार तर दोन-तीन हजारांनी वेगळे असते, पण उरलेल्या वर्षांत जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

ही पिढी ओळखणे अगदी सोपे आहे आणि प्रत्येक ग्राहकाला ते आलेच पाहिजे. झाकणावरच्या किंवा कीबोर्डशेजारच्या स्टिकरवर ‘आय-फाइव्ह’ किंवा ‘आय-सेव्हन’ लिहिलेले असते, आणि बोलीत लोक तेवढेच सांगतात. ते अपुरे आहे. सेटिंगमध्ये जाऊन प्रोसेसरचा पूर्ण क्रमांक वाचावा. ‘७२००यू’ असेल तर सातवी पिढी, ‘८२५०यू’ असेल तर आठवी, ‘१०२१०यू’ असेल तर दहावी. सुरुवातीचे अंक पिढी सांगतात. ७२००यू आणि ८२५०यू या दोन्हींच्या स्टिकरवर आय-फाइव्हच असते. पण पहिल्यात दोन कोअर आहेत, दुसऱ्यात चार. एवढेच नव्हे, सातव्या पिढीतल्या आय-सेव्हन ७५००यू मध्येसुद्धा दोनच कोअर आहेत. म्हणजे ‘आय-सेव्हन आहे’ म्हणून दोन हजार जास्त मोजून घेतलेले यंत्र शेजारच्या आय-फाइव्हपेक्षा दुबळेही निघते आणि विंडोज ११ च्या अटीतही बसत नाही. यावर काही दुकानांत एक उपाय केलेला असतो. अट चुकवून सहाव्या-सातव्या पिढीच्या यंत्रावर विंडोज ११ चढवलेले असते आणि ‘बघा, अकरा चालते की,’ असे दाखवले जाते. चालते, हे खरे. पण अशा यंत्राला पुढची अपडेट मिळत राहतील याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. पडद्यावर काय दिसते त्यापेक्षा प्रोसेसरचा क्रमांक काय म्हणतो यावर विश्वास ठेवावा.

लिनक्स वापरले तर ही सीमारेषा उरत नाही, असा आक्षेप जाणकार घेतात आणि तो बरोबर आहे. उबुंटू किंवा मिंट चढवले की सहाव्या पिढीचे यंत्रही इंटरनेट, लेखन आणि हिशेबाला छान चालते, मराठी टंकलेखनही व्यवस्थित होते. ज्याला एवढेच काम आहे, त्याने असे यंत्र अवश्य घ्यावे, आणि स्वस्तात घ्यावे. पण कॉलेजची ऑनलाइन परीक्षा घेणारे सॉफ्टवेअर पुष्कळदा विंडोजच मागते, ऑटोकॅड शिकणाऱ्याला आणि टॅलीवर काम करणाऱ्यालाही बहुधा विंडोजच लागते. म्हणजे सॉफ्टवेअरचे घड्याळ माणसागणिक वेगळे चालते. एकाच्या हाती तीन वर्षे देणारे यंत्र दुसऱ्याला एक महिनाही पुरणार नाही. म्हणून ‘या मॉडेलचा बाजारभाव किती’ या प्रश्नापेक्षा ‘माझ्या कामासाठी याचे मोल किती’ हा प्रश्न आधी आला पाहिजे.

शरीराचे घड्याळ मुख्यतः बॅटरी आणि उष्णता यांच्यावर चालते, आणि नागपूर भागात ते जरा वेगाने पुढे सरकते. लिथियम-आयन बॅटरी वापरली तरी झिजते आणि नुसती ठेवली तरी झिजते. झिजण्याचा वेग तापमानावर ठरतो. पूर्ण चार्ज केलेली बॅटरी २५ अंश सेल्सिअसला वर्षभर ठेवली तर तिची सुमारे ८० टक्के क्षमता उरते. ४० अंशांना ठेवली तर सुमारे ६५ टक्केच. मे महिन्यात जिथे पारा ४५ च्या पुढे जातो, तिथे दिवसभर चार्जरला लावून ठेवलेल्या लॅपटॉपची बॅटरी दोन उन्हाळ्यांत थकली तर नवल नाही. चार्जर सतत जोडलेला असल्याने मालकाला ते कळतही नाही, आणि तो अगदी प्रामाणिकपणे सांगतो, ‘बॅटरी चांगली आहे, मी फारशी वापरलीच नाही.’ त्याच्या सांगण्यावर जाण्याची गरज नाही. विंडोजमध्ये ‘पॉवरसीएफजी’ या आज्ञेने बॅटरीचा अहवाल निघतो. त्यात दोन आकडे शेजारी-शेजारी असतात, बनतानाची क्षमता आणि आजची पूर्ण चार्ज क्षमता. पहिला ५०,००० आणि दुसरा ३१,००० मिलिवॅट-अवर असेल, तर ६२ टक्के बॅटरी उरली आहे. त्याच पानावर बहुधा किती वेळा चार्ज झाली तेही सापडते. हे आकडे फिरवता येतात, असे कोणी म्हणेल. येतात. म्हणून चार्जर काढून अर्धा तास व्हिडिओ चालू ठेवावा. अहवाल ८० टक्के म्हणतो आणि अर्ध्या तासात चार्ज शंभरावरून पन्नासावर येतो, तर अहवाल खोटा आहे.

उष्णतेचा दुसरा मार्ग धुळीचा. कोराडी आणि शेजारच्या खापरखेड्याच्या पट्ट्यात कोळसा आणि राख यांची बारीक धूळ हा काही नवा विषय नाही. लॅपटॉपचा पंखा बाहेरची हवा ओढतो आणि तांब्याच्या नळीला जोडलेल्या बारीक पात्यांमधून सोडतो. त्या पात्यांमध्ये धुळीचा थर बसला की उष्णता बाहेर पडत नाही. मग प्रोसेसर १०० अंशांच्या जवळ पोहोचला की स्वतःला वाचवायला वेग कमी करतो, आणि मालक म्हणतो यंत्र जुने झाले. पुष्कळदा ते जुने झालेले नसते, तुंबलेले असते. मागचे झाकण उघडून सफाई केली आणि प्रोसेसरवरची वाळलेली पेस्ट बदलली की गेलेला वेग परत येतो. ही दुरुस्ती शेकड्यांत होते, हजारांत नाही, त्यामुळे पंखा घोंघावतो म्हणून यंत्र नाकारू नये, फक्त तेवढे पैसे भावातून वजा करावेत. वर्षानुवर्षे तापत राहिलेल्या मदरबोर्डचा धोका मात्र उरतोच. विदर्भात आणखी एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. उन्हाळ्यात घरोघर पाण्याचे कूलर चालतात आणि त्यांच्या समोरची हवा ओलसर असते. कूलरच्या झोतात वर्षानुवर्षे राहिलेल्या यंत्राच्या खालच्या स्क्रूवर गंज आणि यूएसबीच्या तोंडाशी पांढुरका-हिरवट थर दिसू शकतो. मोबाइलचा टॉर्च मारून ते पाहायला एक मिनिट लागते. बाहेर गंज असेल तर आतही असेल, आणि मदरबोर्डवरच्या गंजाची दुरुस्ती ही अशी आहे जिच्यावर पैसे घालू नयेत.

बाकीची तपासणी पटकन सांगता येते. हार्ड डिस्क फिरणारी असेल तर ती काढून एसएसडी टाकावीच लागणार असे गृहीत धरावे, कारण जुने यंत्र पुन्हा चपळ करणारा यासारखा दुसरा खर्च नाही. एसएसडी असेल तर ती किती तास चालली हे क्रिस्टलडिस्कइन्फोसारखे मोफत सॉफ्टवेअर दाखवते. रॅम वाढवता येते की बोर्डावरच जोडलेली आहे हे आधी विचारावे. ॲपलच्या २०२० च्या एम-वन मॅकबुक एअरसारख्या यंत्रात ती नंतर वाढवता येतच नाही. बिजागऱ्या, प्रत्येक की, कॅमेरा, वाय-फाय, प्रत्येक पोर्ट हे सगळे हाताने चालवून पाहावे. कंपनीच्या जुन्या यंत्रात बायोसचा पासवर्ड किंवा कंपनीचे दूरस्थ नियंत्रण राहिलेले नाही ना, याची खात्री दुकानातच विंडोज नव्याने चढवून आणि इंटरनेटला जोडून करावी. नाहीतर घरी नेल्यावर पडद्यावर एखाद्या अनोळखी कंपनीचे नाव येते आणि यंत्र पुढे सरकत नाही.

आता हिशेब. खालचे आकडे उदाहरणापुरते आहेत, आपापल्या दिवसाचे भाव त्यांच्या जागी घालावेत. समजा आपल्या कामाला पुरेसा नवा लॅपटॉप ४२ हजारांना मिळतो आणि तो सहा वर्षे चालेल असा अंदाज आहे. म्हणजे कामाच्या एका वर्षाचा भाव सात हजार. समोर आठव्या पिढीचा, ८ जीबी रॅम आणि २५६ जीबी एसएसडीचा लॅपटॉप आहे आणि दोन्ही घड्याळे पाहून तो तीन वर्षे चालेल असे वाटते. तीन वर्षांचे झाले २१ हजार. ही कमाल मर्यादा, याच्या वर विचारच करायचा नाही. बॅटरी बदलायची आहे, तीन हजार. सफाई आणि पेस्ट, सातशे. उरले १७,३००. आता धोका. वॉरंटी नाही आणि मदरबोर्ड गेला तर सगळेच गेले. तशी शक्यता सहात एक धरली, तर १७,३०० चा सहावा हिस्सा, म्हणजे सुमारे २,९०० कमी करायचे. हाती आले १४,४००. विक्रेता १८ हजार म्हणत असेल तर ३,६०० रुपयांचे अंतर आहे, आणि आता घासाघीस कशावर करायची हे आपल्याला माहीत आहे. त्याने स्वतः नवी बॅटरी घालून दिली आणि सहा महिन्यांची लेखी वॉरंटी दिली, तर १८ हजारही फारसे चूक नाहीत. कारण बॅटरीचे तीन हजार परत आले आणि धोक्याचा मोठा भाग त्याने उचलला. याउलट सहाव्या पिढीचा, १६ जीबीचा, देखणा आय-सेव्हन १२ हजारांना मिळत असला आणि आपल्याला विंडोज लागणारच असेल, तर त्याच्या बाबतीत गुणाकाराला वर्षेच उरत नाहीत. तो १२ हजारांनाही महाग आहे.

‘असा हिशेब दुकानदार ऐकून घेत नाही, बाजारात जो भाव चालतो तोच द्यावा लागतो,’ हा सर्वांत व्यवहारी आक्षेप. तो ऐकून घेणार नाही, मान्य. हिशेब त्याला सांगण्यासाठी मांडलेलाच नाही. पाय केव्हा मागे घ्यायचा हे आपल्याला कळावे म्हणून तो आहे, आणि नागपूरच्या सीताबर्डी बाजारात एका दुकानातून उठून दुसऱ्यात जाणे अवघड नाही. दुसरा आक्षेप उलट बाजूने येतो. व्यावसायिक श्रेणीचे जुने यंत्र आजच्या स्वस्त नव्या यंत्रापेक्षा मजबूत असते, त्याचा कीबोर्ड आणि पडदा चांगला असतो, मग त्याच्या वर्षाचा भाव नव्याइतकाच का धरायचा? हा आक्षेप मला पटतो. जो दिवसभर टायपिंग करतो त्याने अशा यंत्राच्या वर्षाला सातऐवजी आठ हजार धरावेत. पण वर्षांची संख्या वाढवू नये. चांगल्या कीबोर्डमुळे विंडोजची मुदत लांबत नाही. तिसरे म्हणणे असे, की हप्त्यांवर नवे मिळत असताना ही यातायात कशाला? ज्याला सहा वर्षे सलग, खंड न पडता काम हवे आहे, आणि यंत्र बिघडून परीक्षा बुडाली तर ज्याचे नुकसान हजारांत मोजता येत नाही, त्याने नवे घ्यावे. त्याच्यासाठी धोका नुसता सहात एक धरून चालत नाही. जुने यंत्र ज्याला अडचणीच्या वेळी दुसरी सोय आहे त्याला अधिक परवडते, हे कटू असले तरी खरे आहे.

या सगळ्यामागे एक जुना प्रश्न आहे. जॉर्ज अकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजारावर एक निबंध लिहिला. त्याचा मुद्दा असा, की गाडी कशी आहे हे विकणाऱ्याला ठाऊक असते, घेणाऱ्याला नसते. त्यामुळे घेणारा सरासरी भाव देतो, त्या भावात चांगल्या गाडीचा मालक विकायला तयार होत नाही, आणि बाजारात खराब माल उरत जातो. २००१ मध्ये मायकेल स्पेन्स आणि जोसेफ स्टिग्लिट्झ यांच्यासह त्यांना नोबेल मिळाले. जुन्या लॅपटॉपच्या बाजाराला हे वर्णन चपखल बसते. पण लॅपटॉप स्वतःची नोंद स्वतःच ठेवतो. प्रोसेसरचा क्रमांक, बॅटरीच्या दोन क्षमता, एसएसडीचे तास हे सारे त्याच्या पोटातच लिहिलेले आहे आणि वाचायला कवडी लागत नाही. घेणाऱ्याचे अज्ञान अर्ध्या तासात पुष्कळ कमी होऊ शकते. तो अर्धा तास द्यायला जो विक्रेता तयार नाही, त्याचे यंत्र कितीही स्वस्त असले तरी सोडून द्यावे. बिल नसेल तरीही सोडून द्यावे. चोरीचा माल जाणूनबुजून किंवा तसे मानायला कारण असताना घेणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे, आणि बिलावर नोंदवलेला अनुक्रमांक यंत्राच्या खालच्या अनुक्रमांकाशी जुळणे हाच साध्या ग्राहकाच्या हातातला पुरावा.

नागपूरच्या दुकानदारांना एक विनंती करावीशी वाटते. जुन्या लॅपटॉपच्या बिलावर चार ओळी जास्त लिहा: प्रोसेसरचा पूर्ण क्रमांक, बॅटरीची मूळ व आजची क्षमता, एसएसडीचे तास आणि वॉरंटीचे महिने. त्याने चांगल्या यंत्राला चांगला भाव मागता येईल आणि तो मिळेलही. आणि कोराडीहून सीताबर्डीला जाणाऱ्या प्रत्येक ग्राहकाने, दुकानदाराने ते लिहिले नसेल तर, पैसे देण्याआधी त्याच्याकडून लिहून घ्यावे.